फाइल की फोन? घरातले वैद्यकीय कागद नीट कसे राखाल

आरोग्यविषयक लेखन करताना वाचकांकडून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. लॅबने रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवला, आता छापील प्रत घ्यायची का? आभा कार्ड काढले, म्हणजे कपाटातल्या जुन्या फाइली काढून टाकल्या तरी चालतील का? रुग्णालय केस पेपरची झेरॉक्स द्यायला नाही म्हणते, तसा त्यांना अधिकार आहे का?

आधी थोडक्यात उत्तरे. छापील प्रत प्रत्येक रिपोर्टची लागत नाही, पण काही कागदांची मूळ प्रत जन्मभर जपावी लागते. आभा कार्ड काढल्याने जुनी फाइल आपोआप त्यात जात नाही. आणि रुग्णाला त्याच्या नोंदींची प्रत नाकारण्याचा अधिकार रुग्णालयाला नाही.

कागद चांगला की मोबाइल, हा वाद घालत बसू नका. प्रत्येक कागदाची जागा ठरवा. कोणता मूळ रूपात ठेवायचा, कोणता फोटो काढून पुरेल आणि कोणता रुग्णालयातून वेळेत मागून घ्यायचा, हे एकदा ठरले की अडचणीच्या वेळी शोधाशोध होत नाही.

रुग्णालय किती दिवस सांभाळते?

बहुतेकांचा समज असतो, की आपली फाइल रुग्णालयाकडे कायम असते. तसे नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाबाबतच्या २००२ च्या नियमावलीनुसार दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. अनेक मोठी रुग्णालये त्याहून जास्त काळ ठेवतात, पण त्या भरवशावर राहू नका.

ओपीडीचे चित्र आणखी वेगळे आहे. फॅमिली डॉक्टर चिठ्ठी लिहून तुमच्या हातात देतात. बऱ्याच दवाखान्यांत तिची दुसरी प्रत राहतच नाही. ती चिठ्ठी हरवली, तर कोणते औषध किती दिवस चालले आणि कशाने पुरळ उठले, ही माहितीही गेली.

मूळ कागद कोणते जपायचे?

पुढील गोष्टींचा फोटो काढाच, पण मूळ प्रतही फेकू नका:

- डिस्चार्ज कार्ड: दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंतचा सारांश यात असतो. सही-शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का, ते रुग्णालयातच पाहून घ्या.
- इम्प्लांटचे स्टिकर आणि कार्ड: स्टेंट, पेसमेकर, गुडघ्याचा कृत्रिम सांधा, मोतीबिंदूनंतर बसवलेले लेन्स यांच्या खोक्यावर कंपनी, मॉडेल आणि बॅच क्रमांकाचे स्टिकर असते. ते मागून घ्या. पेसमेकर असलेल्या माणसाचे एमआरआय करण्याआधी डॉक्टर हीच माहिती विचारतात.
- बायोप्सीचे रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक: कर्करोगाचे निदान झाल्यावर दुसरे मत घ्यायला परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी गेलात, तर तिथले पॅथॉलॉजिस्ट केवळ रिपोर्ट वाचून थांबत नाहीत; पेशींची काच आणि मेणाचा ठोकळा पुन्हा तपासतात. स्लाइड-ब्लॉक लॅबकडे असतात, लेखी मागणी करून मिळतात. त्यांना डिजिटल पर्याय नाही.
- माता व बाल संरक्षण कार्ड: लसीकरणाच्या नोंदी आता यू-विन पोर्टलवरही होतात. तरीही अंगणवाडी, उपकेंद्र किंवा गाव बदलले, की पहिल्यांदा हेच कार्ड मागितले जाते. ऊसतोडीसाठी बीडहून पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या कुटुंबांनी हे कार्ड सोबतच न्यावे. क्षयरोगाचे औषध चालू असेल, तर निक्षय क्रमांकही लिहून न्या. त्या क्रमांकावर नव्या ठिकाणच्या सरकारी केंद्रात उपचार पुढे चालू राहतात.
- अपंगत्वाचे, जन्माचे, मृत्यूचे दाखले आणि अपघाताच्या केसमधील कागद.
- विम्याच्या दाव्याची मूळ बिले व पावत्या, दावा पूर्ण निकाली निघेपर्यंत.

फोनमध्ये ठेवले तरी कोणते पुरतात?

- नेहमीच्या रक्त-लघवी तपासण्या: साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, कोलेस्टेरॉल. लॅबने पाठवलेली पीडीएफ हीच इथे चांगली प्रत. मात्र दर वेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करा, म्हणजे आकड्यांची तुलना नीट होते.
- एक्स-रे आणि सोनोग्राफीचे लेखी रिपोर्ट.
- औषधांच्या चालू चिठ्ठ्या. व्हिडिओ कॉलवर सल्ला घेतला, तर मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर चिठ्ठीचा फोटो किंवा पीडीएफ पाठवू शकतात. त्यावर त्यांचे नाव, नोंदणी क्रमांक आणि सही असायला हवी.

चिठ्ठीतले अक्षर लागत नसेल, तर तिथेच विचारा. औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, अशी दुरुस्ती मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये नियमांत केली आहे. विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

नकळत नष्ट होणारे कागद

काही कागद सांभाळण्याच्या नादातच खराब होतात.

- ईसीजी: हा बहुतेक वेळा थर्मल कागदावर निघतो. उन्हाने आणि उष्णतेने अक्षरे फिकी पडतात; लॅमिनेशनच्या गरम रुळांतून गेला तर अख्खा कागद काळा होतो. ईसीजी हातात आला, की त्याच दिवशी झेरॉक्स आणि फोटो काढा. लॅमिनेशन कधीही करू नका.
- सीटी, एमआरआयची सीडी: आजच्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते आणि सीडीवर ओरखडे पडतात. सीडीतले पूर्ण फोल्डर जसेच्या तसे पेन ड्राइव्हवर घ्या. निवडक चित्रांचे फोटो चालत नाहीत. डॉक्टरांना सगळे काप क्रमाने पाहायचे असतात, म्हणून स्कॅनच्या मूळ, म्हणजे डायकॉम, फाइलीच लागतात.
- एक्स-रे फिल्म: एकावर एक दाबून उष्ण जागी ठेवल्या, की चिकटतात. प्रत्येक फिल्म तिच्या पाकिटात, उभी ठेवा.
- स्कॅनची लिंक: अनेक केंद्रे चित्रे पाहायला लिंक पाठवतात. ती ठरावीक मुदतीनंतर बंद पडू शकते. आल्या आल्या डाउनलोड करा.
- व्हॉट्सअॅपवरचे फोटो: पाठवताना फोटो आकसतो आणि बारीक आकडे पुसट होतात. रिपोर्ट ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा आणि चॅटमध्ये न ठेवता वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून घ्या.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातली ओल हा आणखी एक शत्रू. फाइल भिंतीला टेकून ठेवू नका. झिप असलेल्या प्लास्टिक पिशवीत ठेवा आणि गंजणाऱ्या टाचण्या काढून टाका.

घरची व्यवस्था: पाच पायऱ्या

१. माणशी एक फाइल. आईचे, बाबांचे आणि मुलांचे कागद एकत्र करू नका. ताजा कागद सर्वांत वर.

२. प्रत्येक कागदाचा फोटो. फोनमधल्या स्कॅन सुविधेने पीडीएफ करा. सपाट जागा, भरपूर उजेड, चारही कोपरे दिसले पाहिजेत. मागच्या बाजूला काही लिहिले असेल, तर तीही बाजू घ्या.

३. नावाची एकच पद्धत. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग व्यक्ती आणि विषय. उदाहरणार्थ: ‘२०२५-०३-१४ आई साखर’. अशा फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

४. दोन ठिकाणी प्रत. फोन हरवतो, पाण्यात पडतो. पेन ड्राइव्ह, घरचा संगणक किंवा डिजिलॉकर यांपैकी एक जागा आणखी हवी. डिजिलॉकरमध्ये तुम्ही स्वतः चढवलेला कागद आणि सरकारी खात्याने थेट दिलेला कागद यांत फरक आहे. पहिला केवळ तुमच्या सोयीची प्रत असतो, तो प्रमाणित दाखला ठरत नाही.

५. दुसऱ्या माणसाला वाट माहीत हवी. रुग्ण बेशुद्ध असेल आणि त्याच्या फोनला कुलूप असेल, तर आतली सगळी माहिती असून नसल्यासारखी. घरातल्या आणखी एका विश्वासू व्यक्तीकडे प्रत द्या. मुलगा पुण्यात किंवा परदेशात आणि आईवडील गावी असतील, तर त्याच्याकडेही तेच फोल्डर हवे.

एका पानाचा सारांश: हा आज लिहा

तातडीच्या वेळी दोनशे पानांची फाइल कोणी वाचत नाही. एका पानावर हे लिहा:

- नाव, जन्मतारीख, रक्तगट
- कशाची अॅलर्जी आहे, विशेषतः कोणत्या औषधाची
- कोणते आजार, कोणत्या वर्षापासून
- कोणत्या शस्त्रक्रिया, कधी, कुठे. शरीरात काही बसवले आहे का
- चालू औषधे: जेनेरिक नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथीची औषधेही लिहा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती ठळक.
- नेहमीच्या डॉक्टरांचा आणि घरच्यांचा फोन
- विमा पॉलिसी क्रमांक, आभा क्रमांक

पानावर तारीख टाका. औषध बदलले, की नवे पान करा आणि जुने फाडून टाका. एक प्रत पाकिटात, एक फ्रिजच्या दारावर. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये कुलूप न उघडता दिसणारी तातडीच्या माहितीची जागा असते, तिथेही अॅलर्जी आणि संपर्क भरा.

आभा म्हणजे काय आणि काय नाही

आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर २७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झाले. त्यातला आभा क्रमांक चौदा अंकी असतो. याबद्दलचे गोंधळ एकेक करून पाहू.

- आभा आणि आयुष्मान कार्ड वेगवेगळे आहेत. आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. महाराष्ट्रात ही योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसोबत राबवली जाते. आभा ही तुमच्या नोंदींची ओळख आहे. तिच्यावर पैसे किंवा विमा मिळत नाही.
- ते कोणालाही काढता येते आणि मोफत आहे. आधारला जोडलेला मोबाइल जवळ असेल, तर ओटीपीने काही मिनिटांत निघते. कोणी पैसे मागत असेल, तर देऊ नका.
- ते ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.
- सगळे रिपोर्ट एका सरकारी संगणकात जमा होत नाहीत. ते जिथे तयार झाले त्या रुग्णालयात किंवा लॅबमध्येच राहतात आणि तुमच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात.
- सगळीच रुग्णालये जोडलेली नाहीत. तुमचे रुग्णालय जोडलेले असेल आणि नोंदणीच्या वेळी तुम्ही आभा दिले असेल, तरच तिथल्या नोंदी जोडल्या जातात. जुने कागद तुम्हाला स्वतः अॅपमध्ये चढवावे लागतात.

आभाचा रोजचा फायदा ओपीडीच्या रांगेत दिसतो. जोडलेल्या रुग्णालयात क्यूआर कोड स्कॅन करून नाव-पत्ता पाठवता येतो आणि केस पेपर काढण्याचा वेळ वाचतो.

संमती देताना चार गोष्टी वाचा: कोण मागते आहे, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या काळातल्या, आणि परवानगी किती दिवसांची. डोळ्यांच्या तपासणीला दहा वर्षांच्या सगळ्या नोंदी लागत नाहीत. दिलेली संमती नंतर मागे घेता येते. अडचण आल्यास १४४७७ या मदत क्रमांकावर विचारा.

संगणक बंद पडला तर?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकात कित्येक दिवस नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामे हाताने करावी लागली. ज्यांच्या हातात आपले कागद होते, त्यांना डॉक्टरांशी बोलणे सोपे गेले असणार. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, डायलिसिस असे लांब पल्ल्याचे उपचार चालू असतील, तर प्रत्येक भेटीनंतरची ताजी छापील प्रत घरी ठेवा.

घरी सोडताना काय मागायचे?

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते आणि तीच महागात पडते. कॅशलेस विमा असेल, तर मूळ कागद बहुधा टीपीएकडे, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडे, जातात. त्यामुळे निघण्यापूर्वी या प्रती घ्या:

- सही-शिक्क्यासह डिस्चार्ज कार्ड
- शस्त्रक्रियेची आणि भुलीची नोंद
- सर्व तपासण्यांचे रिपोर्ट आणि चित्रे
- बिलाचा तपशीलवार हिशेब
- इम्प्लांटचे स्टिकर

पैसे आधी भरून नंतर दावा करणार असाल, तर मूळ कागद विमा कंपनीला देण्याआधी सगळ्यांच्या प्रती काढा. कागदांची यादी करा आणि त्या यादीवर पोच घ्या.

वाद निर्माण झाला असेल, उपचारांत चूक झाल्याची शंका असेल किंवा अपघाताची भरपाई मागायची असेल, तर डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. संपूर्ण इनडोअर केस पेपर मागा: रोजच्या तपासणीच्या नोंदी, नर्सचा तक्ता, औषधांचा तक्ता, सह्या केलेली संमतीपत्रे, सगळे.

तुमचा हक्क: ७२ तास

२००२ च्या त्याच नियमावलीनुसार रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने किंवा कायदेशीर यंत्रणेने नोंदी मागितल्या, तर मागणीची पोच देऊन ७२ तासांत प्रती द्यायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात गोपनीयतेचे कारण सांगून केस पेपर नाकारता येणार नाहीत, हे स्पष्ट केले आहे. प्रतींचा नेहमीचा खर्च मात्र तुम्ही द्यायचा. ७२ तासांच्या या तरतुदीत बिल चुकते करण्याची अट घातलेली नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी गेलेल्या रुग्णालाही त्याच्या नोंदी मागता येतात.

तोंडी विचारून परत येऊ नका. असा अर्ज द्या:

*प्रति, वैद्यकीय अधीक्षक. विषय: वैद्यकीय नोंदींच्या प्रती मिळण्याबाबत. मी / माझे नातेवाईक … दि. … ते दि. … या काळात आपल्या रुग्णालयात दाखल होतो / होते. आयपीडी क्रमांक … . संपूर्ण इनडोअर केस पेपर, सर्व तपासणी अहवाल व चित्रे आणि तपशीलवार बिल यांच्या साक्षांकित प्रती ७२ तासांत द्याव्यात. नियमानुसार खर्च भरण्यास मी तयार आहे.*

दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील, तर ईमेल करा किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. नातेवाईक अर्ज करत असतील, तर रुग्णाचे अधिकारपत्र जोडा. रुग्ण हयात नसेल, तर मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडा.

मिळाले नाही तर कुठे जायचे?

- खासगी रुग्णालय: महापालिका क्षेत्रात महापालिकेचा आरोग्य विभाग, इतरत्र जिल्हा शल्य चिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ती वाचा.
- डॉक्टरांविरुद्ध: महाराष्ट्र वैद्यक परिषद.
- सरकारी किंवा पालिका रुग्णालय: माहितीच्या अधिकारातही अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस.
- भरपाईसाठी: जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीची मुदत साधारणपणे कारण घडल्यापासून दोन वर्षे असते, म्हणून नोंदी मागायला उशीर करू नका.

न्यायालयात फोनमधला रिपोर्ट किंवा चॅट दाखवायची वेळ आली, तर भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार त्यासोबत प्रमाणपत्र लागते. म्हणून तो मूळ फोन आणि मूळ संदेश पुसू नका.

कोणाला काय दाखवायचे?

- रिपोर्ट घरच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. एकदा गेलेला कागद परत येत नाही.
- एचआयव्ही आणि मानसिक आजाराच्या नोंदींच्या गोपनीयतेला २०१७ च्या दोन कायद्यांनी विशेष संरक्षण दिले आहे. नोकरीच्या ठिकाणी कोणी मागितल्या, तर लेखी कारण विचारा.
- सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात फाइल पाठवली असेल, तर तिथल्या संगणकावरून आणि चॅटमधून ती समोर उभे राहून पुसायला लावा.
- आभा किंवा आयुष्मान कार्डाच्या नावाने कोणी फोनवर ओटीपी मागत असेल, तर देऊ नका. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवा.

या आठवड्यात तीन कामे

घरातल्या सर्वांत ज्येष्ठ किंवा सर्वांत आजारी माणसापासून सुरुवात करा. पहिल्या दिवशी त्यांचे एका पानाचे सारांशपत्र लिहा. पुढच्या दोन-तीन दिवसांत ईसीजी, डिस्चार्ज कार्ड आणि स्टिकर यांचे फोटो काढून दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवा. मग मागच्या तीन वर्षांत कोणी दाखल झाले होते का, ते आठवा. झाले असेल आणि पूर्ण केस पेपर घरी नसतील, तर रुग्णालयाला अर्ज द्या. जतन करण्याची सक्ती तिथे तीन वर्षांचीच आहे, त्यामुळे ज्यांचे दाखल होणे सर्वांत जुने, त्यांचा अर्ज सर्वांत आधी.